चेसमध्ये पिन शिकताय? मग या चुका टाळा

पिन म्हणजे समोरच्याचा मोहरा असा अडकवायचा की तो हलला तर त्याच्या मागचा मोठा मोहरा उघडा पडतो. ही पिन समजली की पोरं सगळीकडे पिनच करत सुटतात. उंट नेला जी४ वर, समोर एफ३ चा घोडा, मागे वजीर, की लगेच "सर, त्याचा घोडा आता हलूच शकत नाही!" काऊन नाही हलू शकत बे? मागे राजा असला तर नाही हलत, तो नियमच आहे. पण मागे वजीर असला तर घोडा खुशाल हलतो, आणि वजीर देऊन समोरच्याला त्याहून जास्त मिळत असेल तर तुमचा बाजार उठला.

क्वीन्स गॅम्बिट या ओपनिंगमधला एलिफंट ट्रॅप नावाचा सापळा पट लावूनच बघा. पांढऱ्याच्या जी५ च्या उंटानं एफ६ चा घोडा पिन केलाय, मागे डी८ ला वजीर, काळ्याचा दुसरा घोडा डी७ ला. डी५ वर प्यादी कटली की काळ्याचं तिथलं प्यादं फुकट दिसतं, कारण राखणारा घोडा पिन आहे ना! पांढरा घोड्यानं ते खातो. काळा तोच "पिन" घोडा उचलून पांढऱ्याचा घोडा मारतो, पांढरा खुशीत वजीर खातो, आणि मग काळ्याचा उंट बी४ वर, शह. पांढऱ्या राजाला घर नाही, मध्ये घालायला फक्त वजीर. सगळी मारामारी संपली की पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त अन् अख्खा घोडा कमी.

दुसरं, पिन झाली की लगेच मारायची घाई. अरे मागे राजा असला तर तो कुठं पळतोय? आधी त्याच्यावर प्यादं चढवा, दुसरा मोहरा आणा.

अन् हो, राजासमोर पिन झालेला मोहराही शह देतो, त्याच्या माऱ्यात तुमचा राजा जाऊ शकत नाही. हे मोठेही विसरतात.

आपली दिव्या देशमुख २०२५ मध्ये बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून पालकांना पझलचा आकडा फार लागतो, आज किती केले, उद्या किती. पण लिचेस या चेसच्या साइटवर "पिन" थीम लावून सोडवले तर अर्धं उत्तर आधीच कळलेलं असतं, गेममध्ये कोण सांगणार की इथं पिन आहे म्हणून? चाल समजेपर्यंत थीम ठीक, मग मिक्स लावा, आणि पहिली चाल खेळायच्या आधी समोरच्याचं उत्तर काय ते पोराला तोंडानं बोलायला लावा.