पालिकेतून रिटायर व्हायच्या आधी हेल्थ इन्शुरन्स कसा बघायचा

पालिकेतल्या लोकांत इन्शुरन्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, हप्ता किती? माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा, की ज्या दिवशी शाल-नारळ घेऊन ऑफिसातून बाहेर पडणार त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात कुठलं कार्ड उरतंय? बऱ्याच जणांच्या हातात काहीच उरत नाही, आणि हे साठाव्या वर्षी कळून उपयोग नाही, पंचावन्न-छप्पनला कळायला पाहिजे. का ते खाली येतंच.

तर सुरुवात आपल्याकडं आत्ता नक्की काय आहे ह्यापासून. बेळगाव महानगरपालिका असो, निपाणीची नगरपालिका असो की खानापूरची पट्टण पंचायत, पहिलं काम म्हणजे स्वतःची पगाराची स्लिप घेऊन बसायचं आणि त्यात आरोग्याच्या नावानं काही कपात होते का बघायचं. कपात असेल तर आस्थापना शाखेत जाऊन त्या योजनेचं पूर्ण नाव आणि आदेशाची झेरॉक्स मागायची. तोंडी "होय ओ, आहे की तुम्हाला" असं ऐकून परत यायचं नाही. कारण नावांचा घोळ लई आहे. ज्योती संजीवनी ही राज्य सरकारी नोकरांची आधीपासूनची योजना, हृदय, कॅन्सर, किडनी, मेंदू, भाजणं, मोठा अपघात असल्या जड आजारांसाठी. कर्नाटक आरोग्य संजीवनी ही २०२५ मध्ये आलेली नवी, तीही राज्य सरकारी नोकरांसाठीच, त्यात महिन्याला ड गटाला २५०, क गटाला ३५०, ब ला ५०० आणि अ ला १००० रुपये कपात. आणि तिसरी नुसती "आरोग्य संजीवनी", ती सरकारी योजनाच नाही, इन्शुरन्स कंपन्या विकतात ती साधी पॉलिसी, कुणीही पैसे भरून घेऊ शकतो. एजंट "सरकारी संजीवनी" म्हणून तिसरी गळ्यात मारतो आणि आपण पहिली मिळाली म्हणून खूश. राज्य सरकारी नोकरांना लागू म्हणजे पालिकेवाल्यांना आपोआप लागू असं तर अजिबात धरायचं नाही, आदेशात आपल्या खात्याचं नाव आहे का तेवढंच बघायचं, आणि निवृत्तांचा उल्लेख आहे का तेही.

ठेकेदाराकडून कामाला असलेल्यांचं गणित वेगळं. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागतो, तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. स्लिपमध्ये कपात दिसते पण ठेकेदारानं प्रत्यक्षात भरलेत का ते ईएसआयच्या साइटवर आपला नंबर टाकून बघून घ्या. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतंय, किमान ५ वर्षं ईएसआयमध्ये काढून वयोमानानं रिटायर झालात तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचा औषधोपचार चालू ठेवता येतो. १२० रुपयात एवढं कुठं मिळतंय सांगा. हे सोडू नका.

आता समजा पालिकेनं किंवा युनियननं एखाद्या कंपनीची ग्रुप पॉलिसी घेतलीय. तिचा कागद मागा, नुसतं कार्ड नको. कागदात शोधायचं ते असं: रक्कम माणशी आहे की पूर्ण घराला मिळून, आई-वडील (आणि बायकोचे आई-वडील) धरलेत का, जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आणि रूम रेंटची मर्यादा किती. ह्यातलं शेवटचं लोक वाचतच नाहीत आणि तिथंच मार खातात, म्हणून जरा आकडे घालून सांगतो.

पॉलिसी ३ लाखाची, रूम रेंट एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० ची खोली. पेशंट ऐनवेळी ॲडमिट, पाहुण्यारावळ्यांची ये-जा, म्हणून ६,००० वाली खोली घेतली, सहा दिवस. बिल झालं १,८०,०००. त्यात खोली ३६,०००, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग मिळून ८४,०००, औषधं-तपासण्या ६०,०००. आपल्याला वाटतं जास्तीच्या खोलीचे १८,००० खिशातून जातील, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही ओ. खोली दुप्पट भावाची घेतली म्हणून डॉक्टर-थिएटरचं बिलसुद्धा निम्म्यावर येतं, ८४ चे ४२. औषधं आणि तपासण्यांना हा नियम लागत नाही, ते ६०,००० पूर्ण धरतात. म्हणजे १८ + ४२ + ६०, कंपनी देणार १,२०,००० आणि आपल्या खिशातून ६०,०००. वर पॉलिसीत वीस टक्के को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा) असला, ज्येष्ठांच्या पॉलिसीत बऱ्याचदा असतोच, तर त्या १,२०,००० मधूनही २४,००० आपलेच. हातमोजे, मास्क, कॉटन असल्या किरकोळ वस्तूंचं बिल परत वेगळं, ते साधारणपणे देत नाहीत. तर दोन पॉलिसी समोर ठेवल्या की हप्त्यात हजार-दोन हजाराचा फरक असेल तर रूम रेंटची अट नसलेली घ्या, मी तरी हेच सांगतो.

हॉस्पिटलांचं बघताना आपल्या भागात एक वेगळीच गोष्ट आहे, बेंगळुरूत बसून पॉलिसी ठरवणाऱ्याला ती कळत नाही. आपण आजारी पडल्यावर सरळ जिल्ह्याच्या गावाला जातोच असं नाही. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, कागवाड-अथणीवाल्याला मिरज म्हणजे दारातच, खानापूरचे लोक बेळगावला नाहीतर गोव्याला बांबोळीला, आणि काहीजण हुबळीला. सरकारी योजना मुख्यतः राज्याच्या हद्दीतल्या हॉस्पिटलांच्या यादीवर चालतात, प्रायव्हेट पॉलिसी देशभर चालते. तेव्हा कागदावर आधी लिहून काढा की रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर घरचे कुठल्या हॉस्पिटलात नेणार, ठरवून ऑपरेशन करायचं असेल तर कुठं जाणार, मग ती दोन-तीन नावं कंपनीच्या यादीत आहेत का बघा. साइटवर बघून भागत नाही, त्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (कंपनीच्या वतीनं क्लेमचं काम बघणारी खिडकी) फोन लावून विचारा की ह्या कंपनीचं कॅशलेस (बिल कंपनी परस्पर भरते ती सोय) आत्ता चालू आहे का, कारण यादीत नाव असतंय आणि हॉस्पिटलनं कधीच बंद केलेलं असतंय. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागायची सोय झालीय, ठरवून ॲडमिट होत असाल तर ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, अचानक झालं तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत. पण हॉस्पिटल तयार पाहिजे, म्हणून हा दुसरा पर्याय समजा.

आता पंचावन्न-छप्पन का म्हटलं ते. नवीन पॉलिसीत बीपी, शुगर, गुडघा असलं आधीपासून असलेलं जे काही आहे त्याला वेटिंग असतंय, एप्रिल २०२४ पासून ते जास्तीत जास्त ३६ महिने. म्हणजे साठाव्या वर्षी पॉलिसी घेतली की त्रेसष्टपर्यंत शुगरमुळं झालेल्या भानगडीला पैसे नाहीत. तेच छप्पनला घेतली तर रिटायर व्हायच्या आत वेटिंग संपून जातंय, आणि तोपर्यंत पालिकेचं कव्हर आहेच. चार वर्षं दोन-दोन हप्ते कशाला असं बायको म्हणेल, तिला हा हिशोब दाखवा. वय जास्त झालं म्हणून पॉलिसीच नाही, ६५ ला दार बंद, ती जुनी अट २०२४ मध्ये गेली, पण कंपनी तब्येत बघून नाही म्हणू शकते की.

दोन पूर्ण हप्ते झेपत नसतील तर सुपर टॉप-अप घ्या. ग्रुप पॉलिसी ३ लाखाची असेल तर ३ लाखाच्या वरचा खर्च उचलणारी १० लाखाची सुपर टॉप-अप बरीच स्वस्तात पडते. "सुपर" शब्द बघून घ्या बरं का. साधी टॉप-अप प्रत्येक ॲडमिशन वेगवेगळं मोजते, वर्षात दोनदा ॲडमिट, दोन्ही वेळा २-२ लाख, तर साधी टॉप-अप शून्य देणार आणि सुपर वर्षाचे ४ लाख एकत्र धरून वरचा १ लाख देणार. रिटायर झाल्यावर मात्र खालचे ३ लाख उघडे पडतात, त्याची सोय बँकेत एफडी करून तरी ठेवा नाहीतर छोटी बेस पॉलिसी घ्या.

ग्रुप पॉलिसी कंपनीची असेल तर ती सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमध्ये धरली जातात. अर्ज शेवटच्या आठवड्यात नव्हे, किमान दीड-दोन महिने आधी द्या, आणि पालिकेकडून "अमुक सालापासून कव्हर होते" असं पत्र घ्या. ज्योती संजीवनीसारख्या सरकारी ट्रस्टच्या योजनेत काढलेली वर्षं इथं धरत नाहीत, ती इन्शुरन्स पॉलिसीच नसते. पेन्शनीचे कागद गोळा करताना हेही त्याच फाईलीत लावा.

रिटायर होऊन बसलेत आणि पॉलिसी नाही त्यांनी काय करायचं? आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएलवाल्यांना घराला वर्षाला ५ लाख, एपीएलवाल्यांना सरकारी पॅकेज रेटच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. पालिकेचे कायम नोकर आणि पेन्शनर बहुतेक एपीएलमध्येच. (नोकरीत असताना बीपीएल कार्ड ठेवलेलं असेल तर ते परत करा, वसुली निघाली की मग धावपळ.) ३० टक्के हे बिलाच्या नव्हे, पॅकेज रेटच्या, एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पॅकेज १ लाखाचं तर ३०,००० मिळणार, हॉस्पिटलचं बिल काहीही असो. आणि इमर्जन्सी सोडून बाकी बऱ्याच आजारांना आधी सरकारी हॉस्पिटलचं, म्हणजे आपल्याकडं बेळगावच्या बीम्सचं, रेफरल (पुढं पाठवल्याची चिठ्ठी) लागतं. डायरेक्ट प्रायव्हेटला जाऊन ॲडमिट झालात तर मागाहून ते मिळवणं मुश्कील.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना, उत्पन्नाची अट नाही, ५ लाख, घरात दोघं सत्तरीच्या वरचे असतील तर दोघांत मिळून. वय आधारवरचं धरतात, आणि आपल्या पिढीची गंमत म्हणजे शाळेत मास्तरांनी सरसकट १ जून टाकलेली, सर्व्हिस बुकात ती, आणि आधारवर भलतीच. आधी ते जुळवून घ्या. कार्ड निघालं तरी आपल्या हॉस्पिटलात चालतंय का ते तिथल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचं काम बघणारा हॉस्पिटलातला माणूस) विचारल्याशिवाय धरून चालू नका. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली, त्यात राजकारण किती ह्यात मी पडत नाही. मिरज-कोल्हापूरला उपचार घेणार असाल तर तिथं जरूर विचारा, पण त्या भरवशावर स्वतःची पॉलिसी बंद करू नका.

फॉर्म भरताना एजंट म्हणतो शुगर लिहू नका, हप्ता वाढेल. लिहा. औषधाच्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट सगळं जोडा आणि जोडल्याची पोच घ्या. पॉलिसी सलग ६० महिने चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण त्या आधीच्या पाच वर्षांत लपवलेली शुगर पहिल्याच ॲडमिशनला केस पेपरवर दिसते. नवीन पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत आवडली नाही तर परत करता येते, तेवढ्यात मुलाकडून नाहीतर ऑफिसातल्या इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून ती पूर्ण वाचून घ्या.

हप्त्याचं आता सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवर अजून आहे. साठीच्या वरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाकडं (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) जावं लागतं. टॅक्सची जुनी पद्धत घेतलीत तर हप्त्यावर ज्येष्ठांना ५०,००० पर्यंत वजावट, पॉलिसीच नसेल तर औषधोपचाराचा खर्चही त्यातच दाखवता येतो, फक्त रोख देऊ नका.

आणि डिस्चार्जचा दिवस. डॉक्टर सकाळी राऊंडला येऊन घरी जा म्हणतात, संध्याकाळ झाली तरी पेशंट कपडे घालून बेडवर बसलेला आणि टीपीएवाला "मेल आला नाही" म्हणतोय. नियमानं कॅशलेसची परवानगी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत द्यायची असते, त्यानंतरच्या उशीराचा हॉस्पिटलचा जादा खर्च कंपनीनं उचलायचा. तेव्हा हॉस्पिटलनं फायनल बिल किती वाजता पाठवलं ते लिहून घ्या. क्लेम कापला किंवा नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडं तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडं, वर्षाच्या आत. ५० लाखापर्यंतचे दावे तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. १५५२५५ हा इर्डाचा फोन नंबर आहे, कार्डाच्या मागं चिकटवून ठेवा.