मराठी फॉर्मची स्क्रीन कशी रचावी

मोबाइलवरचा फॉर्म सोपा करण्याबद्दल मिळणारा बहुतेक सल्ला रंग, मोकळी जागा आणि बटणाचा आकार यांभोवती फिरतो. तो इंग्रजी मजकूर गृहीत धरून दिलेला असतो, आणि त्याच चौकटीत मराठी मजकूर घातल्यावर स्क्रीन कुठे मोडते याबद्दल त्यात एक शब्दही नसतो. पतसंस्थेचे सभासदत्व, शाळाप्रवेश, दवाखान्यातली नोंदणी अशा कामांसाठी मी अनेक वर्षे मराठी फॉर्म रचत आले आहे. आधी इंग्रजीत स्क्रीन रचायची आणि शेवटी तिचे भाषांतर करून घ्यायचे ही पद्धत पूर्णपणे सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला प्रश्नांची यादी करावी आणि ज्या उत्तराचा पुढे कोणीही उपयोग करत नाही तो प्रश्न काढून टाकावा.

उरलेले प्रश्न स्क्रीन आखण्यापूर्वी कागदावर मराठीत लिहावेत आणि मोठ्याने वाचावेत. ‘पाल्याचे नाव प्रविष्ट करा’ असे कोणी कोणाला विचारत नाही, ‘मुलाचे किंवा मुलीचे नाव’ असे विचारतात. बटणावरही ‘सादर करा’ ऐवजी ‘अर्ज पाठवा’ असे लिहावे, म्हणजे ते दाबल्यावर काय होणार हे वाचणाऱ्याला कळते.

यानंतरचा टप्पा, म्हणजे मजकूर चौकटीत बसवणे, हा सर्वांत अवघड असतो आणि माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली होती. एका पतसंस्थेच्या ॲपमध्ये मी बटणाची उंची ठरावीक ठेवली होती आणि लाइन हाइट (अक्षराच्या आकाराच्या किती पट उंच ओळ ठेवायची ते माप) इंग्रजीसाठी नेहमी वापरतात तेवढीच, म्हणजे १.२ ठेवली होती. माझ्या संगणकावर सगळे नीट दिसत होते. एका सभासदाने मात्र डोळ्यांच्या त्रासामुळे फोनमधली अक्षरे मोठी करून ठेवली होती, आणि त्यांच्या फोनवर ‘अर्ज सुरू करा’ या बटणावरचा रफार वरून कापला गेला आणि ‘सु’चा उकार खालून कापला गेला. त्यांना ‘अज सरू करा’ असे दिसत होते. ते बटण कशाचे आहे हे न कळल्याने त्यांनी अर्ज भरणे सोडून दिले.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार आणि ‘ष्ट्र’सारख्या जोडाक्षरांचा एकाखाली एक रचलेला भाग येतो. या वरच्या आणि खालच्या खुणा शब्दाचा अर्थ ठरवतात, म्हणून त्यांतली एकही खूण कापली जाता कामा नये. लाइन हाइट निदान १.५ ठेवावी, परिच्छेदासाठी आणखी थोडी वाढवावी, आणि बटणाला किंवा रकान्याला कधीही ठरावीक उंची देऊ नये. बोटाने दाबण्याच्या जागेसाठी अँड्रॉइडवर सांगितलेले ४८ डीपी किंवा ॲपलचे ४४ पॉइंट (ही दोन्ही स्क्रीनवरची मोजमापाची एकके) हे कमीत कमी माप आहे, आणि मजकूर वाढला की चौकटही वाढली पाहिजे. अँड्रॉइड १४ पासून अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, म्हणून तेवढ्या आकाराला स्क्रीन तपासल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानू नये. तपासणीसाठी मी ‘वर्षांपूर्वी’, ‘कुटुंबप्रमुख’ आणि ‘राष्ट्रीय’ हे तीन शब्द प्रत्येक चौकटीत घालून पाहते, कारण वरच्या आणि खालच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यांतून उघड होतात.

लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले जादा अंतर, शून्यच ठेवावे. इंग्रजी शीर्षकांना अक्षरे थोडी दूर ठेवल्याने शोभा येते, पण मराठीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे तुकडे दिसू लागतात.

लांब मजकूर तीन टिंबे देऊन तोडण्याची सवय तर मराठीत धोकादायक आहे. आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतात, त्यामुळे ‘मला या अटी मान्य नाहीत’ हा पर्याय शेवटी तोडला तर नेमका ‘नाहीत’ गळून पडतो आणि उलटा अर्थ शिल्लक राहतो. पर्याय दोन ओळींत जाऊ द्यावा, स्क्रीन लांब झाली तरी चालेल.

रकान्याची अक्षरमर्यादा ठरवतानाही हाच विचार करावा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मोजतो, पण संगणक अक्षरांसाठी वापरतो त्या युनिकोड या संकेतप्रणालीत त्याची १० चिन्हे होतात आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्याला ३० बाइट (साठवणुकीची एकके) लागतात. मर्यादा बाइटांत मोजली असेल, तर लांब आडनाव मध्येच तुटते. पोच म्हणून मराठीत एसएमएस पाठवायचा असेल, तर एका संदेशात इंग्रजीप्रमाणे १६० चिन्हे न मावता ७० मावतात, हे मजकूर लिहिण्याआधीच लक्षात घ्यावे.

आकड्यांच्या रकान्यात मराठी ९ आणि इंग्रजी 9 असे दोन्ही आकडे स्वीकारावेत आणि रूपांतर ॲपने करावे. नावासाठी एकच रकाना ठेवून ‘ओळखपत्रावर आहे तसे पूर्ण नाव’ असे लिहावे, कारण वडिलांचे किंवा पतीचे नाव सक्तीचे केले की अनेक स्त्रिया तिथेच अडतात. ३६ जिल्ह्यांची यादी शोधता आली पाहिजे, आणि ‘उस्मानाबाद’ लिहिले तरी ‘धाराशिव’ आणि ‘अहमदनगर’ लिहिले तरी ‘अहिल्यानगर’ सापडले पाहिजे.

अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) ४.५:१ पेक्षा कमी नसावा. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा सांगणारी खूण मराठीची ठेवावी, हिंदीची राहू देऊ नये. अनेक फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ या खुणेमुळेच उमटतात, आणि स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही तिच्यावरून आवाज निवडते.

चूक झाल्याची सूचना देताना ‘अवैध माहिती’ असे लिहू नये. ‘मोबाइल क्रमांकात ९ आकडे आले आहेत, १० हवेत’ अशी सूचना त्या रकान्याखालीच द्यावी, आणि आधी भरलेले काहीही पुसू नये.

शेवटी पाच माणसांना त्यांच्या स्वतःच्या फोनवर फॉर्म भरायला द्यावा. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी दिसतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते आणि माझाही अनुभव तसाच आहे. ती माणसे कार्यालयातली नसावीत, आणि निदान दोघांनी अक्षरे मोठी करून ठेवलेली असावीत. ते भरत असताना मदत करू नये आणि ‘इथे दाबा’ असे तर मुळीच सांगू नये. बोट ज्या रकान्यावर थबकते तो टिपून घ्यावा, ‘इथे काय वाटले?’ एवढेच नंतर विचारावे, आणि मिळालेल्या उत्तरातले त्यांचे शब्द वापरून तो प्रश्न पुन्हा लिहावा.