परमिट लागत नाही म्हणून लगेच पिस्तूल घ्यायला निघू नका: अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी

मागच्या महिन्यात एका पॉटलकला ओळखीतला एक मुलगा सहज बोलून गेला, दादा आता टेक्सासमध्ये लायसन लागतच नाही ना, मग मी पण एक पिस्तूल घेऊन टाकतो, रात्री दोन-दोनला शिफ्ट संपवून घरी येतो म्हणे. मुलगा एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. ऐकून पोटात गोळा आला माझ्या. त्याला बाजूला घेऊन तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण असे बरेच जण असणार आणि ह्या बाबतीत चूक झाली की निस्तरता येत नाही. मी वकील नाही, १४ वर्षं टेक्सासमध्ये राहतोय, ग्रीन कार्ड आल्यावर सगळं रीतसर शिकून घेतलं, तेवढ्यावर सांगतोय.

सगळ्यात आधी स्वतःचा व्हिसा बघा. राज्याचा कायदा नंतर. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, बी-टू अशा कुठल्याही नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल (केंद्राच्या) कायद्याने बंदूकच काय, गोळ्यासुद्धा जवळ ठेवता येत नाहीत. टेक्सासने, जॉर्जियाने, फ्लोरिडाने काहीही सोपं केलं तरी हा नियम तसाच राहतो, कारण तो राज्याचा नाहीच. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. आणि तुरुंगाचं सोडा, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात की डिपोर्टेशन मागे लागतं, अगदी ग्रीन कार्डवाल्यांनाही. दहा-बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत प्रायॉरिटी डेटची वाट बघत बसलेल्या माणसाने हे आधी डोक्यात घ्यावं.

आता कुणीतरी तुम्हाला सांगेलच की हंटिंग लायसन काढ, मग चालतं. हो, कायद्यात तशी सूट खरंच आहे, अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन असेल तर व्हिसावरचा माणूसही बंदूक घेऊ शकतो. पण माझं स्पष्ट मत, इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय ह्या वाटेला जाऊ नका. लायसनची तारीख उलटली आणि बंदूक घरात राहिली की तुम्ही अडकलात. शूटिंग रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन फोटो काढणं हेसुद्धा कायद्याच्या दृष्टीने बंदूक जवळ बाळगणंच आहे, तेव्हा ऑफिसची गँग रेंजवर चालली असेल तर व्हिसावाल्यांनी सरळ नाही म्हणा, वाईट वाटलं तरी चालेल.

आणि दुसरी गोष्ट जी आपल्यात "मदत" म्हणून होऊ शकते: तुझं ग्रीन कार्ड आहे ना, तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो. अजिबात नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात अगदी सुरुवातीलाच विचारतात की ही बंदूक तुम्ही खरंच स्वतःसाठी घेताय का. तिथे खोटं "हो" लिहिलं की घेणारा आणि घेववणारा दोघं गेले. त्याच फॉर्मवर व्हिसाबद्दल प्रश्न आहे, गांजाबद्दलही आहे, आणि राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याला ते चालत नाही हे तिथेच ठळक छापलेलं असतं. प्रत्येक ओळ वाचून भरा, घाई करू नका.

आता ज्यांचं ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप आहे त्यांच्यासाठी. सगळा गोंधळ होतो तो विकत घेणं आणि बरोबर बाळगणं ह्या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. बातमीत येतं "परमिट रद्द", पण कुठलं परमिट ते बघायला हवं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बदललं ते बाळगण्याचं, विकत घ्यायला राज्याचं परमिट इथे आधीही लागत नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनात बरोबर उलटं झालं, मार्च २०२३ मध्ये गव्हर्नरचा व्हेटो मोडून पिस्तूल विकत घ्यायचं शेरीफकडचं परमिट काढून टाकलं, पण कपड्याखाली लपवून बाळगायचं परमिट त्या कायद्याने तसंच ठेवलं. नेब्रास्कात सप्टेंबर २०२३ पासून बाळगायला परमिट नको, पण हँडगन विकत घ्यायला सर्टिफिकेट हवंच. फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून परमिटशिवाय लपवून बाळगता येतं, तरी दुकानातून घेताना तीन दिवस थांबावं लागतं. म्हणजे आपल्या राज्याचं काय ते ह्या दोन प्रश्नांत वेगवेगळं शोधायचं, आणि शोधायचं ते राज्याच्या पोलीस खात्याच्या किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या साइटवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही.

जुलै २०२४ मध्ये लुइझियाना आल्यावर परमिटलेस, म्हणजे परमिटशिवाय बंदूक बाळगू देणारी, राज्यं २९ झाली. वयाची अटसुद्धा सगळीकडे सारखी नाही, ओहायोत २१ तर इंडियानात १८. दुकानातून हँडगन घ्यायला मात्र फेडरल नियम २१ चाच. बॅकग्राउंड चेकही कुठे गेलेला नाही, दुकानदार फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तुमची माहिती पाठवतो आणि उत्तर आल्यावरच पुढे. ओळखीच्या माणसाकडून खासगीत घेतली तर बऱ्याच राज्यांत हा चेक होत नाही, पण चेक झाला नाही म्हणून ज्याला मनाई आहे त्याला परवानगी मिळत नाही.

आता माझं म्हणणं असं की राज्याला लागत नसलं तरी बाळगण्याचं परमिट, म्हणजेच लायसन, काढाच. मी काढलं. टेक्सासमध्ये चार ते सहा तासांचा क्लास, मग रेंजवर ५० गोळ्यांची टेस्ट, फी ४० डॉलर. एक शनिवार जातो फक्त. त्या क्लासमध्येच मला कळलं की शाळेपासून १,००० फुटांच्या आत रस्त्यावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे आणि ज्यांच्याकडे त्याच राज्याचं लायसन आहे त्यांना त्यातून सूट आहे. परमिटलेस कॅरीवाल्यांना ती सूट नाही! आपल्या घराच्या आसपास बघा, शाळेवरून न जाता ग्रोसरीला तरी जाता येतं का. आणि आपले गणपती, दिवाळीचे कार्यक्रम, मुलांची मराठी शाळा हे सगळं बहुतेक वेळा शाळेच्याच हॉलमध्ये असतं, आत तर बंदूक न्यायचीच नाही, लायसन असलं तरी.

पाट्या वाचायला शिका. टेक्सासमध्ये दुकानाच्या दारावर ३०.०५, ३०.०६, ३०.०७ असे आकडे असलेल्या पाट्या दिसतील, ३०.०६ आणि ३०.०७ मोठ्या, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरात. ३०.०५ ची पाटी विनालायसन बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०६ लायसन असून लपवून बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०७ लायसन असून उघड बाळगणाऱ्यांसाठी. बारमध्ये लाल ५१ टक्क्यांची पाटी (म्हणजे तिथली निम्म्याहून जास्त कमाई दारूची) असेल तर पाऊलच टाकू नका. देवळाने पाटी लावली असेल तर तीही तेवढीच लागू.

प्रवासाचं बघा. डॅलसहून न्यू जर्सीला भावाकडे गाडीने निघालात तर तुमचं टेक्सासचं लायसन तिथे कुणी मानत नाही, परमिटलेस कॅरी तर नाहीच, आणि तिथे बेकायदा हँडगन सापडली तर ५ ते १० वर्षांचा गुन्हा आहे. वाटेतल्या राज्यांतून नुसतं पुढे जायचं असेल तर फेडरल कायदा थोडं संरक्षण देतो, पण बंदूक रिकामी, कुलपात आणि हात पोचणार नाही अशी डिकीत हवी, ग्लोव्ह बॉक्सला कुलूप असलं तरी ते धरत नाहीत. माझं ऐकाल तर घरीच ठेवून जा. विमानतळाचं तर विचारू नका, २०२३ मध्ये सिक्युरिटीच्या रांगेत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेक जण म्हणतात बॅगेत आहे हे विसरलोच होतो. दंड हजारो डॉलरचा बसतो.

पोलिसाने गाडी थांबवली तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि "गन" हा शब्द एकदम तोंडातून काढू नका. स्वतःहून सांगायचं की विचारल्यावर हे राज्यागणिक बदलतं, ओहायोत २०२२ च्या बदलानंतर विचारल्यावर सांगावं लागतं. कागद काढायला हात खिशात घालायच्या आधी तोंडाने सांगा मी काय करतोय ते.

घरात सेफ घ्याच. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर तुमच्यावर गुन्हा होतो, आणि कायदा नसता तरी... मूल आहे घरात, ह्याहून काय बोलायचं. आणखी एक जे कुणाच्या लक्षात येत नाही: आई-बाबा सहा महिन्यांसाठी बी-टू वर, म्हणजे टूरिस्ट व्हिसावर येतात, घरभर वावरतात, आपण ऑफिसला. त्यांनाही मनाई आहे. तेव्हा सेफचा नंबर त्यांना सांगायचा नाही, किल्ली देवघरातल्या डब्यात ठेवायची नाही. बाबांना सरळ समजावून सांगा, त्यांना राग येत नाही.

शेवटचं, भारतात जाताना. रेंजला नेलेली बॅग पुन्हा प्रवासाला वापरू नका. मी एकदा माझी पाठीवरची सॅक मुंबईच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री सहज उलटी करून झटकली, तर आतल्या फाटलेल्या अस्तरातून नाइन एमएमचं एक जिवंत काडतूस टणकन टाइलवर पडलं. चार महिन्यांपूर्वीचं! भारतात लायसनशिवाय एक काडतूस सापडलं तरी १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते, विमानतळावरच अडवतात, मग पोलीस स्टेशन, वकील, कोर्ट. ती सॅक मी दुसऱ्या दिवशी फेकून दिली आणि रेंजसाठी वेगळी लाल बॅग आणली, ती गॅरेजमध्येच लटकलेली असते.