वादळात पडलेल्या चौकटीवरची पाटी

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या दापोली तालुक्यातून गेलं, तेव्हा परड्यातला जुना फणस मुळासकट आडवा झाला आणि पडवीची अर्धी कौलं अंगणात आली. पुढे कितीतरी दिवस वाडीत जिकडेतिकडे लाकडाचे ढीग पडलेले. बरंचसं चुलीत आणि बंबात गेलं. उरलेल्यातून मी घरांच्या पाट्या करायला शिकले. आता घरांच्या आणि न्याहारी-निवासाच्या पाट्या करणं हेच माझं काम आहे. नव्यानं हात घालणाऱ्यांनी निदान माझ्या चुका तरी टाळाव्यात, म्हणून लिहिते.

पहिली चूक त्या फणसाचीच. पिवळं धमक लाकूड, वाळवी सहसा लागत नाही, आणखी काय हवं? फळी कापून घेतली, दोन महिन्यांत नाव रंगवलं आणि मावशीला दिली. दिवाळीपर्यंत फळी पिळवटली आणि नावाच्या मधोमध चीर गेली. वाडीतल्या सुतारकाकांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "बायो, ह्ये लाकूड अजून ओलं हाय. नाव लिवायची घाई कशाला?" एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवेशीर जागी साधारण वर्षभर वाळू द्यायचं असतं. हे तेव्हा माहीत असतं तर मावशीची पाटी वाचली असती.

म्हणून सुरुवात पडलेल्या झाडापासून करू नका, पडलेल्या घरापासून करा. जुन्या चौकटी, खिडक्यांच्या फळ्या, माळ्याचे वासे कित्येक पावसाळे बघून बसलेले असतात. सागवान किंवा ऐनाच्या झाडाचं लाकूड मिळालं तर उत्तमच. आंब्याच्या पेटीच्या फळ्या हात बसवायला चांगल्या, पण त्या घरातच टांगा, त्यांना भुंगा लवकर लागतो. कारखान्यांच्या भंगारात पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, मिळतात. त्यांवर छाप असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड दिसतं छान, पण त्यात मीठ मुरलेलं असतं. गोड्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला आणि मगच वाळवा. नाहीतर रंगाला पोपडे येतात.

जुन्या रंगाबद्दल मात्र मी हट्टी आहे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या दाराखिडक्यांचा रंग शिशाचा असू शकतो, आणि होडीच्या बुडाला लावतात तो रंगही विषारी असतो. तो कोरडा घासू नका. फळी ओली करून पॉलिश पेपर मारा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. रंगाचे तुकडे बंबात घालू नका.

अक्षरांवर मी लाकडापेक्षा जास्त वेळ घालवते, कारण लोक शेवटी अक्षर वाचतात. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं नीट बघा, देवनागरी काय काय करू शकते ते कळेल. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे शिरोरेखेच्या वर आणि खाली जागा न ठेवणं. मग 'श्री'ची वेलांटी काठाला घासते आणि 'कुटीर'चा उकार फळीबाहेर पळतो. आधी खऱ्या मापाच्या कागदावर नाव लिहा, भिंतीला चिकटवा, रस्त्यावर जाऊन वाचा. मग अक्षरांच्या कडेनं सुईनं टोचे मारा, कागद फळीवर धरा आणि गेरूची पुरचुंडी त्यावरून थोपटा. रांगोळीसारखी ठिपक्यांची अक्षरं उमटतात. कापलेल्या साच्यानं रंगवायचं असेल तर 'व', 'ब', 'प' यांच्या पोटाला एक बारीक पूल ठेवावा लागतो, नाहीतर पोट गळून पडतं. दुकानाची पाटी असेल तर नाव मराठीत, देवनागरीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसलेलं हवं. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या बदलानंतर हे लहान दुकानांनाही लागू आहे. गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

सजावटीला कौलाचे तुकडे, जुने कोयंडे, तिसऱ्यांचं सांबार झालं की उरलेल्या शिंपल्या, एवढं पुरतं. किनाऱ्यावरचे मोठे शंख उचलू नका, काही जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आता खारी हवा. लोखंडी खिळा एका पावसात तपकिरी ओघळ सोडतो, तोही बरोबर नावावरून. पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवा, फळी फुगली तरी चिरत नाही. फळीच्या दोन्ही टोकांना रंगाचा एक हात जास्त द्या, पाणी तिथूनच आत शिरतं. जांभ्या दगडाच्या चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, म्हणून पाटी तिला चिकटवू नका, मागे बोटभर फट ठेवा. जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर मोकळी वाळत घाला. पावसाळ्यात ऑइल पेंट सुकतच नाही, म्हणून गणपतीला हव्या असलेल्या पाट्या मी मे महिन्यातच रंगवून ठेवते.

मागच्या वर्षी हर्णै बंदरात एक मोडलेली होडी मिळत होती. मालक आजोबा द्यायला तयार होते, पैसेही सांगितले नाहीत, फक्त म्हणाले, "नावाची फळी घासू नको, माझ्या बापानं लिवलंय." ती फळी मी ओल्या फडक्यानं पुसली, जुन्या निळ्या रंगावर पारदर्शक वॉर्निशचे तीन हात दिले, आणि त्यांच्या नव्या घराचं नाव खाली वेगळ्या चौकटीच्या फळीवर लिहिलं. दोन्ही फळ्या त्यांच्या पडवीत उंचावर टांगल्या आहेत. त्या अक्षरांतला 'ल' मी तेव्हा कागदावर उतरवून घेतला, अजून तसा मला जमत नाही.