पोस्टग्रेसला ‘पहाटे ४.१०’ म्हणायला शिकवा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका संस्थेसाठी मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर मासळीच्या आवकेची नोंदवही केली होती. १५ जानेवारी २०२५ ला पहाटे ४.१० ला लागलेल्या बोटीच्या पावतीवर छापून आलं: १४ जानेवारी, २२:४०. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, पावती परत केली. आदल्या रात्री त्या वेळी तो समुद्रात होता, मग ती पावती कशी घेणार?

नोंद बरोबर होती, दाखवणं चुकलं होतं. सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवत होता आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक बोट आदल्या दिवसात जाते, आणि बंदरावर कामाची वेळ नेमकी तीच. हे प्रत्येक ॲपमध्ये वेगळं दुरुस्त करत बसू नका. डेटाबेसमध्येच वेळ मराठीत लिहून देणारं एक फंक्शन (नाव देऊन ठेवलेला कोड) घाला. खाली कोडचे शब्द देवनागरीत दिलेत, ते टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा. फंक्शनचं, रकान्याचं आणि टेबलाचं नाव मात्र, डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असेल तर, खुशाल देवनागरीत ठेवा.

आधी रकाना तपासा. बोट लागल्याची वेळ ठेवणाऱ्या ‘आगमन’चा प्रकार टाइमस्टँपटीझेड, म्हणजे वेळेच्या पट्ट्याचं भान असलेली वेळ, हवा. नुसता टाइमस्टँप असेल तर वेळ दुसऱ्या पट्ट्यात नेणाऱ्या ‘ॲट टाइम झोन’चा अर्थ उलटा होतो आणि पुढचं सगळं फसतं.

मग ‘क्रिएट फंक्शन मराठी_वेळ’ने सुरुवात करा: टाइमस्टँपटीझेड घ्यायचा, टेक्स्ट द्यायचा, भाषा एसक्यूएल. आत पहिलं काम ‘ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता’. या एका ओळीने १४ तारखेची १५ होते.

वार आणि महिन्यांसाठी दोन ॲरे (क्रमवार याद्या) लिहा. वेळेचा मजकूर करणाऱ्या टू_चारमध्ये टीएम लावून स्थानिक नावं मिळतात खरी, पण त्या मशीनवर मराठी लोकेल (भाषेची मांडणी) बसवलेलं असावं लागतं. मला ॲरे जास्त भरवशाचे वाटतात, कुठल्याही मशीनवर तेच उत्तर देतात. इथे एक खड्डा आहे. वेळेतून हवा तो भाग काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टचा डीओडब्ल्यू (वाराचा क्रमांक) रविवारला ० देतो, ॲरे मात्र १ पासून मोजला जातो. एक मिळवायला विसरलात तर सोमवारी ‘रविवार’ दिसतो, आणि रविवारी नल (काहीच नाही) मिळून उभ्या रेघांनी जोडलेली सगळी ओळच रिकामी होते.

आता प्रहर. टू_चार एएम-पीएम देतो, ‘पहाटे’ देत नाही, म्हणून केस (अटींप्रमाणे उत्तर निवडणारी रचना) लिहा: तास ४ च्या आत असेल तर रात्री, ६ च्या आत पहाटे, १२ च्या आत सकाळी, १६ च्या आत दुपारी, २० च्या आत संध्याकाळी, पुढे पुन्हा रात्री. या सीमा माझ्या आहेत. बोटीवरच्या माणसाची पहाट तीनलाच होते, तेव्हा ज्यांच्या हातात पावती जाणार त्यांना विचारून आकडे ठरवा.

बारा तासांच्या घड्याळासाठी तासात ११ मिळवा, १२ ने भागून बाकी घ्या, त्यात १ मिळवा. मध्यरात्री ० चे १२ होतात, दुपारचे १२ तसेच राहतात. मिनिटं डावीकडे शून्य भरणाऱ्या एलपॅडने दोन अंकी करा, नाहीतर ४.०५ चं ४.५ होतं. शेवटी सगळी ओळ अक्षराजागी अक्षर बदलणाऱ्या ट्रान्सलेटमधून काढा: पहिल्या माळेत इंग्रजी दहा अंक, दुसरीत ‘०१२३४५६७८९’.

फंक्शनवर ‘इम्युटेबल’ (त्याच वेळेला नेहमी तेच उत्तर) लिहिता येतं, कारण वेळेचा पट्टा आणि नावं आतच पक्की आहेत. मिनिटांसाठी टू_चार वापरलंत तर लिहू नका, ते स्वतः ‘स्टेबल’ आहे, म्हणजे सेटिंग बदललं तर उत्तर बदलू शकतं.

तपासताना चार वेळा घाला: मध्यरात्र, पहाटे ५.२९, भर दुपारचे बारा आणि कुठलाही रविवार. आमच्या त्या बोटीचं उत्तर असं यायला हवं:

बुधवार, १५ जानेवारी २०२५, पहाटे ४.१०

पावतीसाठी ओळ अशी: सिलेक्ट मराठी_वेळ(आगमन) फ्रॉम नोंदी ऑर्डर बाय आगमन. क्रम मूळ रकान्यावरच लावा. मराठी ओळीवर लावलात तर अक्षरांप्रमाणे गुरुवारची बोट बुधवारच्या आधी येऊन बसते.