‘सिन्स टू इयर्स’ ते ‘टिल फ्रायडे’: इंग्रजीत वेळ सांगताना या चुका टाळा

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ नोकरीचा अर्ज असो, मुलाखत असो की लिंक्डइन, हे वाक्य भेटल्याशिवाय राहत नाही. बोलणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असतं असंही नाही. तो मनात ‘पाच वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘पासून’ला ‘सिन्स’ लावून मोकळा होतो. मराठीत ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे एकाच ‘पासून’वर भागतं. इंग्रजी मात्र आधी विचारतं: सुरुवात कधी झाली ते सांगताय, की किती काळ लोटला ते? सुरुवात सांगायची तर ‘सिन्स २०१९’, ‘सिन्स मंडे’. काळ मोजायचा तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’, ‘फॉर टू डेज’.

याच वाक्यात दुसरी चूक ‘ॲम’ची आहे. मागे सुरू होऊन अजून चालू असलेलं काम ‘हॅव बीन’ने सांगतात: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ ‘सिन्स’ बदलून ‘ॲम’ तसाच ठेवणारे पुष्कळ. ती दुरुस्ती अर्धीच.

ऑफिसात खरा घोळ घालतो तो ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी सुट्टीवर आहे’, ही दोन वाक्यं मराठीत सख्खी भावंडं वाटतात. पहिल्यात काम एकदाच व्हायचंय, शुक्रवार ही त्याची मुदत. तिथे ‘बाय फ्रायडे’. दुसऱ्यात एक स्थिती शुक्रवार येईतो चालूच राहणार आहे; तिथे ‘टिल फ्रायडे’. म्हणून ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असं लिहिलंत, तर अर्थ होतो की तुम्ही शुक्रवार उजाडेपर्यंत रिपोर्ट पाठवतच बसणार.

शंका आली की मराठी वाक्यात ‘सलग’ घालून बघा. ‘शुक्रवारपर्यंत सलग सुट्टीवर आहे’ कानाला बरोबर लागतं, म्हणजे ‘टिल’. ‘शुक्रवारपर्यंत सलग रिपोर्ट पाठवतो’ म्हटल्यावर हसू येतं, म्हणजे ‘बाय’. नकारात मात्र जपून. ‘शुक्रवारपर्यंत पाठवू नका’ याचं इंग्रजी ‘डोन्ट सेंड इट टिल फ्रायडे’ असंच होतं, कारण इथे न पाठवणं सलग चालू राहतं.

‘ऑन लीव्ह टिल फ्रायडे’ व्याकरणात बसतं, तरी शुक्रवारी माणूस जागेवर भेटेल की नाही ते कळत नाही. सुट्टीच्या मेलमध्ये सरळ ‘बॅक ऑन मंडे’ लिहावं. अमेरिकी लोक ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणतात तेव्हा शुक्रवार त्यात धरलेला असतो.

‘बिफोर’चंही तसंच. ‘दोन दिवसांपूर्वी पैसे भरले’ याचं ‘आय पेड बिफोर टू डेज’ होत नाही. आजपासून मागे मोजायचं तर ‘टू डेज अगो’. ‘बिफोर’ला पुढे एखादी घटना किंवा ठरलेली वेळ लागते: ‘बिफोर दिवाळी’, ‘टू डेज बिफोर द एक्झाम’. पुढे मोजताना ‘आफ्टर’ असाच घात करतो. ‘दोन दिवसांनी फोन करतो’ म्हणजे ‘आय विल कॉल यू इन टू डेज’. हा ‘इन’ आपल्याला ‘दोन दिवसांत’ असा ऐकू येतो आणि आपण उद्यापासूनच फोनची वाट बघतो. समोरच्याला परवा फोन करायचा असतो. मुदतच सांगायची असेल तर ‘विदिन टू डेज’ म्हणा, वाद मिटतो.

‘ॲट, ऑन, इन’ बहुतेकांना शाळेत पाठ झालेलं असतं, तेव्हा एका उदाहरणावर भागवू. महाराष्ट्र राज्य ‘इन १९६०’ स्थापन झालं, ‘इन मे १९६०’ झालं, पण तारीख सांगितली की ‘ऑन १ मे १९६०’. घड्याळातली वेळ आली की ‘ॲट’. अडखळायला होतं ते अधल्यामधल्या जागी. ‘इन द मॉर्निंग’ बरोबर, पण वार जोडला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्रीला एरवी ‘ॲट नाइट’. सणाचे दिवस मिळून ‘ॲट दिवाळी’, त्यातला एकच दिवस म्हटला तर ‘ऑन लक्ष्मीपूजन डे’. वीकेंडला ब्रिटिश ‘ॲट’ लावतात आणि अमेरिकी ‘ऑन’. एक काहीतरी धरा आणि पुढे चला.

काही ठिकाणी तर काहीच लावायचं नसतं. ‘पुढच्या सोमवारी’, ‘गेल्या महिन्यात’ यांना मराठीत प्रत्यय आहेत, म्हणून आपण ‘ऑन नेक्स्ट मंडे’, ‘इन लास्ट मंथ’ लिहून बसतो. ‘नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी’ आले की मागचा ‘ऑन’ किंवा ‘इन’ खोडून टाका.

दुकानांच्या पाट्यांवर आणि सोसायटीच्या नोटिशींत हमखास दिसणारं आणखी एक: ‘बिटवीन १० टु ५’. ‘दहा ते पाचच्या दरम्यान’चा हा अवतार. ‘बिटवीन’ची जोडी ‘अँड’शी आणि ‘फ्रॉम’ची ‘टु’शी.

एका जागी मात्र मराठी तुमच्याच बाजूने आहे आणि तिथेही लोक उगाच गोंधळतात. ‘ऑन टाइम’ म्हणजे वेळेवर आणि ‘इन टाइम’ म्हणजे वेळेत. गाडी ठरल्या मिनिटाला फलाटाला लागली तर ती ‘ऑन टाइम’ आली. तुम्ही धावतपळत का होईना, ती सुटायच्या आत डब्यात चढलात तर तुम्ही ‘इन टाइम’ पोचलात.