नर्सिंगला यायचंय? आधी वॉर्ड बघा

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. “ताई, मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय, कुठलं कॉलेज चांगलं?” मी इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग ऑफिसर आहे. सगळ्यांना एकच सांगते: इमारत, बस, होस्टेल नंतर बघा. तिथली मुलं कुठल्या हॉस्पिटलात ड्युटी करतात, ते आधी विचारा.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे बीएस्सीच्या कॉलेजला किमान 100 खाटांचं हॉस्पिटल लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. कागदावर हे सगळीकडे असतं. पण मध्य प्रदेशात कॉलेजांच्या मान्यतेतल्या गैरव्यवहाराचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सीबीआय चौकशी लागली आणि कितीतरी मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास त्या हॉस्पिटलात स्वतः जाऊन या. ओपीडीत रांग आहे का, खाटांवर माणसं आहेत का, हे डोळ्यांनी बघा. शिकणारी एखादी मुलगी भेटली तर तिलाच विचारा. ती खरं सांगते.

कोर्सचं थोडक्यात सांगते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी सायन्स, बायोलॉजी आणि इंग्रजीसह लागतं. सरकारी जागांसाठी पीएनएसटी नावाची प्रवेश परीक्षा असते. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, त्याला आर्ट्स-कॉमर्सची मुलंही येतात. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. दोन्ही वाटांनी रजिस्टर्ड नर्स होता येतं, त्यामुळे जीएनएमला कमी लेखू नका. मात्र घरची परिस्थिती झेपत असेल तर बीएस्सी करा, कारण पुढची दारं लवकर उघडतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते. जीएनएमवालीला आधी 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

पहिल्या सहामाहीत अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी ऐकून मुली घाबरतात. ते पाठ होतं. मला विचाराल तर खरी भीती हिशेबाची बाळगावी. डॉक्टरांनी लिहिलंय, 500 मिली सलाईन आठ तासांत. सलाईनच्या नळीच्या सेटवर छापलेलं असतं, 20 थेंब म्हणजे एक मिली. मग 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. हे वहीत सोपं आहे. वॉर्डात एका हातात थेंबांचा वेग कमी-जास्त करायचा रोलर, नजर घड्याळाच्या काट्यावर, शेजारच्या खाटेवरून कुणीतरी “सिस्टर, सिस्टर” करतंय, आणि तरी थेंब मोजायचे, मध्येच सोडायचे नाहीत. रुग्णाने हात वाकवला की वेग बदलतो, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे. लहान मुलांसाठी मायक्रोड्रिप सेट असतो, 60 थेंबांचा एक मिली. दोन सेटमध्ये गल्लत झाली तर औषध तिप्पट जाऊ शकतं. हा सराव पहिल्या वर्षापासून रोज करा.

इंदूरचा एक फायदा फार कमी लोक सांगतात. एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलसारख्या ठिकाणी झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोनकडचे रुग्ण येतात. कुणी निमाडी बोलतं, कुणी भिली, आणि पुष्कळ जण तर काहीच बोलत नाहीत. दुखतंय का विचारलं तरी मान हलवून नाही म्हणतात. अशा वेळी चेहरा, श्वास, पोटावर घट्ट धरलेला हात हे सगळं वाचावं लागतं. आपल्या रामबागेतल्या आजींशी मराठीत बोलून ब्लडप्रेशर घेणं वेगळं आणि हे वेगळं. पण नजर इथेच तयार होते, आणि तशी नजर असलेल्या मुली मी पुढे कुठेही अडलेल्या पाहिल्या नाहीत.

मिडवायफरीचं केसबुक, म्हणजे बाळंतपणाच्या केसेसची नोंदवही, त्या त्या दिवशीच लिहा आणि लगेच सही घ्या. शेवटच्या सहामाहीत सह्या गोळा करत फिरणाऱ्या मुलींची तारांबळ मी दरवर्षी बघते.

पदवी हातात आली म्हणजे झालं, असं नाही. भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलमध्ये नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. इथे आपल्या मराठी मुली एका गोष्टीत हमखास अडकतात. घरी आपण नावात मध्ये वडिलांचं नाव लिहितो, शाळेच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव-आडनाव असतं, आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच सगळीकडे ठेवा आणि आधारची दुरुस्ती पहिल्या वर्षातच उरका.

लग्नानंतर किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जायचं असेल तर भोपाळहून ना-हरकत घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून इथली नोकरी सोडण्याआधीच अर्ज टाका आणि मूळ कागदपत्रांच्या दोन-तीन साक्षांकित प्रती जवळ ठेवा.